निवडयादी आणि डॉक्टरांची सही

मैदानावर दोन गट पाडावयाचे झाले की दोन म्होरके पुढे येतात आणि पाळीपाळीने एकेक भिडू मागून घेतात. ही रीत आपण सर्वांनी बालपणी पाहिली आहे. ज्याचे नाव प्रथम पुकारले जाते त्याची छाती फुगते. ज्याचे नाव शेवटपर्यंत उरते तो पायाच्या अंगठ्याने माती उकरीत उभा राहतो. हीच रीत २०२२ साली आपल्या मराठी मातीतल्या खेळाने व्यावसायिक रूपात स्वीकारली. ‘अल्टिमेट खो-खो’ या साखळी स्पर्धेच्या पहिल्या हंगामाआधी सहा संघांनी देशभरातील खेळाडूंमधून आपापले भिडू निवडले. हा लिलाव नव्हता. खेळाडूंच्या श्रेणी आधीच ठरलेल्या होत्या, श्रेणीनुसार मानधनही ठरलेले होते आणि संघांनी केवळ निवड करावयाची होती. अशा निवडीस क्रीडाजगतात ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ही पद्धत मूळची अमेरिकेतील. तेथे महाविद्यालयीन फुटबॉलपटूंमधून व्यावसायिक संघ दरवर्षी आपले खेळाडू असेच पाळीपाळीने उचलतात, आणि कोणाला घ्यावे या प्रश्नावर सारा देश कित्येक आठवडे वाद घालतो.

हा विषय डॉक्टरांच्या स्मरणिकेत कशासाठी, असे सुज्ञ वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, निवडीच्या प्रत्येक मेजावर एक कागद वैद्याच्या सहीचा असतो आणि त्या कागदाने अनेकदा मुलाचे भवितव्य ठरते. तो कागद कसा लिहावा, हा आपल्या व्यवसायाचा प्रश्न आहे.

गरज की गुण?

निवडीच्या वादातील पहिला प्रश्न सर्वत्र सारखाच असतो: उपलब्ध असलेला सर्वांत गुणी खेळाडू घ्यावा, की संघात जी जागा रिकामी आहे ती भरणारा घ्यावा? याचे भारतीय उदाहरण २००८ सालचे आहे. त्या वर्षी मलेशियात विराट कोहलीच्या नेतृत्वाखाली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर आयपीएलच्या संघांनी या युवा खेळाडूंची निवड केली. कोहली दिल्लीचा, परंतु दिल्लीच्या संघाकडे सेहवाग आणि गंभीर यांच्यासारखे फलंदाज होते. त्यांना गोलंदाजाची निकड होती. म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला घेतले आणि कोहली बेंगळुरूकडे गेला. पुढे अठरा हंगाम तो त्याच संघाकडून खेळला आणि २०२५ साली त्या संघाने विजेतेपद मिळविले.

आज आपण दिल्लीच्या निवडकर्त्यांना सहज हसतो. परंतु त्या दिवशीच्या कागदपत्रांवरून पाहिले तर त्यांचा निर्णय अविचाराचा नव्हता. त्या विश्वचषकात सर्वाधिक धावा कोहलीच्या नव्हत्या. त्या तन्मय श्रीवास्तवच्या होत्या. त्याने २६२ धावा केल्या, तर कोहलीने २३५. अंतिम सामन्याचा मानकरी ठरला तो भोपाळमध्ये जन्मलेला अजितेश अर्गल. केवळ त्या स्पर्धेची गुणपत्रिका समोर ठेवून कोणी निवड केली असती तर पहिले नाव वेगळेच निघाले असते. तन्मय श्रीवास्तव पुढे पंच झाला आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये पंच म्हणूनच मैदानात उतरला. गुणपत्रिका खोटी नव्हती. ती त्या काही आठवड्यांपुरती खरी होती.

आकडे की जाणकाराचा डोळा?

दुसरा वाद मोजमापांचा. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे निवडीपूर्वी शेकडो तरुण खेळाडूंची चाचणी घेतली जाते. चाळीस यार्डांची धाव किती सेकंदांत, उभी उडी किती उंच, याची काटेकोर नोंद होते, मुलाखती होतात, संघांचे डॉक्टर सांधा न् सांधा तपासतात. एवढा खटाटोप करूनही भाकिते कितपत खरी ठरतात? कुझमिट्स आणि अॅडम्स या अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे दाखविले की, विशिष्ट जागेवरच्या खेळाडूंची धावण्याची चाचणी वगळता, या मोजमापांचा आणि पुढील व्यावसायिक कामगिरीचा सातत्यपूर्ण संबंध आढळत नाही.

पुढे नोबेल पारितोषिक मिळविलेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी याच निवडीचा अभ्यास केला. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला पुढे अधिक सरस ठरण्याचे प्रमाण त्यांना सुमारे ५२ टक्के आढळले. नाणे उडविले तर ५० टक्के मिळतात. आयुष्य या खेळात घालविलेल्या जाणकारांच्या पदरी त्याहून केवळ दोन टक्के अधिक पडतात! टॉम ब्रेडी हा त्या खेळातील सर्वाधिक यशस्वी खेळाडू मानला जातो. २००० सालच्या निवडीत त्याचे नाव १९९ व्या क्रमांकावर पुकारले गेले. उलट १९३६ साली झालेल्या पहिल्याच निवडीत ज्याचे नाव सर्वप्रथम पुकारले गेले, तो जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. पाय दिसतात हे खरे. ते पाय पुढे कोणत्या वाटेने जातील, हे मात्र पाळण्यात दिसत नाही.

खो-खोच्या निवडीत तर आणखी एक पेच आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली ज्या खेळाचे नियम आखले गेले, त्या पारंपरिक खेळात पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही. नव्या साखळी स्पर्धेत ‘वझीर’ नावाचा खेळाडू आला; त्याला कोणत्याही दिशेने पळण्याची मुभा मिळाली. सूर मारून टिपलेल्या गड्याला अधिक गुण मिळू लागले. साहजिकच, वर्षानुवर्षे पळतीचा भक्कम खेळाडू म्हणून नावाजलेल्या मुलाचे मोल एका नियमाने बदलले आणि खांबावर बेधडक सूर मारणारा मुलगा पुढे आला. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथे झालेला पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ओडिशाच्या संघाने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ असा जिंकला. एवढ्या थोड्या फरकाने ज्या खेळात जय-पराजय ठरतो, तेथे निवडयादीतील वरखाली क्रमाला विधिलिखित मानण्यात अर्थ नाही.

शरीर टिकेल काय?

तिसरा प्रश्न मात्र थेट आपल्याकडे येतो. दुसऱ्या हंगामासाठी सोळा ते अठरा वयोगटातील मुलांनाही निवडीची दारे खुली झाली. म्हणजे ज्यांची हाडे अद्याप वाढत आहेत अशा मुलांविषयी, ‘हा टिकेल काय?’ असे विचारले जाऊ लागले.

येथे दोन गोष्टी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट वाढीच्या वेगाची. चौदा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाची वाढ लवकर झालेली असते, दुसऱ्याची व्हावयाची असते. मैदानावर पहिला भारी पडतो आणि निवडला जातो. चार वर्षांनी दोघे बरोबरीस येतात, परंतु तोपर्यंत दुसऱ्याने खेळ सोडलेला असतो. वयाची खातरजमा करण्यासाठी क्रिकेट मंडळ किशोरवयीन गटांत मनगटाच्या क्ष-किरण चित्राचा आधार घेते. वय चोरण्याच्या प्रकारांना त्याने आळा बसतो हे खरे, तथापि हाडांचे वय आणि जन्माचे वय यांत निरोगी मुलातही फरक असू शकतो. कुपोषित मुलाचे मनगट तर त्याच्या वयाहून लहान दिसते. आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरास हे निराळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अशी की, तपासणीत सापडणारे दोष एका मापाचे नसतात. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन नऊ आहे ती शेवटच्या दोन मिनिटांत दमते आणि निवड समितीला ती ‘दमसास नसलेली’ वाटते. तीन महिन्यांच्या औषधोपचारांनंतर तीच मुलगी वेगळी दिसेल. दमा, जंत, दृष्टिदोष ही याच वर्गातील उदाहरणे होत. याउलट, पळताना भोवळ येणे, छातीत दुखणे, कुटुंबात तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे किंवा हृदयात विशिष्ट ध्वनी ऐकू येणे, या खुणा दिसल्यास हृदयरोगतज्ज्ञांचा निर्वाळा येईपर्यंत मुलास थांबविलेच पाहिजे. तेथे भिडस्तपणा उपयोगाचा नाही. या दोहोंच्या मधला एक वर्ग आहे. तेथे दोष कायमचा असतो, परंतु तो खेळास आडकाठी ठरत नाही. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने हाच वर्ग सर्वांत महत्त्वाचा आहे.

एक मृत्यू आणि एक नियम

सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावात शंभर यार्डांच्या सोळा धावा लागोपाठ केल्यानंतर कोसळला आणि दगावला. तो सिकलसेल वाहक होता. म्हणजे त्याला आजार नव्हता, सिकलचे केवळ एक जनुक त्याच्यात होते. त्याच्या मृत्यूनंतर न्यायालयीन दावा झाला आणि त्यातूनच २०१० साली तेथील महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने अव्वल गटातील खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम केला.

नियम चांगल्या हेतूने झाला, पण तेथील रक्तविकारतज्ज्ञांनी लगेच एक शंका उपस्थित केली. अहवाल हाती आल्यावर प्रशिक्षक त्याचे काय करणार? वाहक मुलाला तो जपून सराव देईल, की नको ही जोखीम म्हणून यादीतून वगळेल? दोन मुले तुल्यबळ असतील तर कोणाचे नाव खोडले जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

या शंकेचे उत्तर एका खेळाडूच्या कारकिर्दीत मिळते. रायन क्लार्क हा सिकलसेल वाहक. २००२ सालच्या निवडीत त्याचे नाव कोणत्याही संघाने पुकारले नाही. तरीही तो एका संघात शिरला आणि तेरा हंगाम व्यावसायिक फुटबॉल खेळला. २००७ साली समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवरील डेन्व्हर शहरात सामना खेळताना त्याला तीव्र वेदना झाल्या. पुढे त्याची प्लीहा आणि पित्ताशय काढावे लागले. पुढील हंगामात तो पुन्हा उभा राहिला आणि त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. जानेवारी २०१२ मध्ये पुन्हा डेन्व्हरला महत्त्वाचा सामना आला तेव्हा त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला त्या एका सामन्यातून विश्रांती दिली. संघ सामना हरला, परंतु खेळाडू वाचला आणि पुढे दोन-तीन वर्षे खेळत राहिला. नोंद हाती असताना माणसाला संघातून न काढता धोक्यातून बाजूला कसे काढावे, याचा हा वस्तुपाठ होय.

याहून मोठा पुरावा सैन्यातून आला. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. सिकलसेल वाहकांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले नाही. अतिश्रमाने स्नायू विघटित होण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट होता. हे सैन्य उष्म्यापासून संरक्षण, पाणी आणि विश्रांती यांचे नियम वाहकांपुरते न ठेवता सर्वच सैनिकांना लावीत असे. ज्या मैदानावर सर्वांसाठी पाणी आणि विसावा आहे, तेथे वाहकाला वेगळे काढण्याची गरज उरत नाही.

बालाघाटचा प्रश्न

हे सारे बालाघाटात का मांडावयाचे? कारण मध्य भारताच्या सिकलसेल पट्ट्यात आपला जिल्हा येतो. बैहर, बिरसा, परसवाडा या भागांतून येणारी मुले आपण सारेच तपासतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ आपल्याच राज्यातील शहडोल येथून झाला. चाळीस वर्षांखालील सुमारे सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. मुलांच्या हाती त्यांच्या जनुकीय स्थितीचे कार्ड येत आहे. विवाहापूर्वीच्या समुपदेशनासाठी ते मोलाचे आहे. परंतु हेच कार्ड उद्या क्रीडा वसतिगृहाच्या प्रवेशअर्जास जोडले गेले आणि मेजापलीकडील गृहस्थांना ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतील भेद ठाऊक नसला, तर काय होईल? वैनगंगेकाठच्या रानात अनवाणी धावून ज्याचे पाय घडले, अशा मुलाचे नाव केवळ दोन इंग्रजी अक्षरांपायी खोडले जाईल. त्याला कारणही कळणार नाही.

हा तोटा केवळ पदकाचा नाही. आपल्याकडे खेळ म्हणजे कित्येक घरांसाठी वसतिगृहातील दोन वेळचे जेवण, शिष्यवृत्ती आणि पुढे रेल्वेतील वा शासनातील नोकरी. खो-खोसारख्या खेळाला तर साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. दोन खांब आणि मोकळे मैदान एवढ्यावर भागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली पुरुषांनी आणि प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली महिलांनी, दोन्ही संघांनी नेपाळला नमवून, अजिंक्यपद मिळविले. पुरुष संघात मध्य प्रदेशचा सचिन भार्गोही होता. मामाचे घर गोंदियाला आणि निवासाचा दाखला बालाघाटचा, अशा आपल्या मुलांसाठी ही वाट आता केवळ महाराष्ट्राची राहिलेली नाही. मुलींच्या बाबतीत मात्र एक उणीव नोंदविली पाहिजे: अल्टिमेट खो-खोच्या २०२२ आणि २०२३-२४ या दोन्ही हंगामांत संघ पुरुषांचेच होते. विश्वविजेत्या कर्णधाराचे नाव पुकारण्यास तेथे मेजच मांडलेला नव्हता.

आपल्या हाती काय?

निवड कोणाची व्हावी हे ठरविणे आपले काम नाही. निवडकर्त्यांचे भाकीत नाण्याच्या कौलाहून फारसे सरस नसते हे आपण पाहिलेच; आपण सांगितलेले भाकीत त्याहून चांगले ठरेल असे मानण्यास आधार नाही. पालक आपल्या मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, “डॉक्टरसाहेब, पोरगा पुढे जाईल का?” या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एवढेच की, ते तपासणीत दिसत नाही. जे दिसते ते मात्र आपण काटेकोरपणे लिहू शकतो.

त्यासाठी व्यवसायबंधूंपुढे काही सूचना नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात. प्रमाणपत्रावर ‘अपात्र’ हा शब्द एकटा लिहू नये. कोणत्या कारणास्तव, किती काळासाठी आणि कोणत्या उपचारानंतर फेरतपासणी, हे त्यासोबत लिहावे. हिमोग्लोबिन नऊ असलेल्या मुलीच्या कागदावर ‘तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे’ ही ओळ असली तर तिचे वर्ष वाचते. सिकलसेलची केवळ विद्राव्यता चाचणी करून निष्कर्ष काढू नये. त्या चाचणीत वाहक आणि रुग्ण यांतील भेद कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी आवश्यक आहे. वाहक आढळल्यास ‘खेळण्यास हरकत नाही’ हे शब्द स्पष्टपणे लिहावेत आणि सोबत सरावाची पथ्ये द्यावीत: हंगामाच्या आरंभी श्रम हळूहळू वाढविणे, लागोपाठच्या धावांत विसावा, भरपूर पाणी, उन्हाच्या वेळा टाळणे, ताप वा जुलाब असताना विश्रांती, आणि पायांत गोळे वा अशक्तपणा जाणवताच थांबण्याची मोकळीक. ‘नाटक करतो’ म्हणून अशा मुलाला आणखी दोन फेऱ्या मारावयास लावणे जिवावर बेतू शकते, हे क्रीडाशिक्षकांना समक्ष सांगावे. ही पथ्ये साऱ्या संघालाच लावण्याचा आग्रह धरावा; मग कोणाचे कार्ड कोणते आहे हे मैदानावर पुकारण्याची गरजच पडत नाही. आणि मुलाचा अहवाल त्याच्या व पालकांच्या संमतीवाचून कोणाच्याही हाती देऊ नये.

आणखी एक गोष्ट. निवडयादी लागते त्या दिवशी निवडलेल्या मुलांचे हारतुरे होतात आणि ते योग्यच आहे. परंतु यादीत नाव नसलेली मुले त्याहून कितीतरी अधिक असतात आणि त्यांतील काही पुढच्या आठवड्यात पोटदुखी, निद्रानाश वा ‘अभ्यासात लक्ष नाही’ अशा तक्रारी घेऊन आपल्याकडेच येतात. त्या मुलांना औषधाच्या चिठ्ठीआधी एक वाक्य ऐकण्याची गरज असते: ही यादी आजची आहे, तुझी नाही. १९९ व्या क्रमांकावरचा आणि यादीत नसलेला, असे दोघेही पुढे शिखरावर गेले, हे त्यांना सांगावे. सर्वच जाणार नाहीत हेही खरे. परंतु कोण जाणार नाही, हे सतराव्या वर्षी ठरविण्याचा अधिकार कोणत्याही मेजाला नाही.

रक्ताच्या अहवालावर आपण तारीख घालतो, कारण शरीर बदलते हे आपल्याला ठाऊक आहे. क्रीडापात्रतेच्या प्रत्येक कागदावर तशीच तारीख आणि फेरतपासणीची मुदत असावी, एवढा ठराव आपल्या जिल्ह्यातील डॉक्टरांनी एकमताने केला तरी बैहरच्या एखाद्या अनोळखी मुलाचे नाव खोडले जाण्यावाचून राहील.